शब्दांच्या सोयरिकी जुळवणाऱ्या बायका

बुधवार होता आणि दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ पक्की लक्षात आहे, कारण फोन वाजला तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडंच बघत होते. शाळेचा नंबर अवेळी दिसला की आईच्या डोक्यात नको नको ते येतं. पडली? ताप आला? व्हॅन चुकली?

यातलं काहीच नव्हतं. आर्याच्या वर्गाच्या मॅडम होत्या.

"आर्याच्या मम्मी, आर्या वर्गात बोलत नाही."

"बोलत न्हाई? घरात तर मिनिटभर गप बसत न्हाई ओ."

"मराठीत बोलते, मैत्रिणींशी. इंग्लिशमध्ये एक शब्द नाही. जून गेला, जुलै चाललाय. दिवाळीच्या सुट्टीआधी तोंडी परीक्षा आहे. तेव्हाही अशीच उभी राहिली तर मोठ्या मॅडम तिला परत सीनियर केजीत बसवायचं म्हणतायत. घरी कोणीतरी तिच्याशी इंग्लिश बोला."

घरी कोण बोलणार? मी सातवी शिकलेली, ती पण मराठी शाळेत. आमचे हे शिरोलीला फौंड्रीत, त्यांचं बोलणं शिफ्टच्या भोंग्यावर. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्तींना, सही येते तेवढंच. घरात इंग्रजी होतं ते टीव्हीच्या रिमोटवर.

तर तिथून हे सगळं सुरू झालं. स्वयंपाकघराच्या दारामागं एका पिशवीत पिशव्या साठतात बघा, एक ओढली की चार बाहेर येतात, तसे त्या चार महिन्यांतले किस्से माझ्याकडं साठलेत. एक सांगायला बसले की दुसरा आपला आपण येतो. म्हटलं, एकदा सगळी पिशवीच ओतावी.

\*

आमच्या गल्लीत पल्लवीचं पार्लर आहे. तिच्यापाशी मी डोळ्यात पाणी आणून सगळं सांगितलं. ती एका बाईच्या भुवया करत होती. हातातला दोरा न सोडता म्हणाली, "रडत्यास कशाला? तालमीच्या मागच्या हॉलमधी नसरीनताईंचा वर्ग असतोय, आयांचा. चल की."

नसरीनताई मूळच्या कबनूरच्या. माहेरी घरातच यंत्रमाग. त्या खडखडाटात लहानाच्या मोठ्या झाल्या, त्यामुळं त्यांचा आवाज असा की हॉलच्या पुढं तालमीत जोर मारणाऱ्या पैलवानांचंही 'हॅव ब्रेकफास्ट' पाठ झालंय. बीएड झालेल्या आहेत. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि बुधवारी तीन वाजता आम्हा बायकांना शिकवायला लागल्या.

पहिल्या दिवशी मी जरा तोऱ्यातच गेले. घरी डिक्शनरी आणून मी बरेच शब्द पाठ केले होते. आर्याकडूनही करून घेतले होते. नसरीनताईंना म्हटलं, "मला लई शब्द येत्यात. फक्त बोलायला येत न्हाई."

"बरोबर हाय. शब्द सुटे हाईत तुमचे," त्या म्हणाल्या. "सुटे पाठ करायचं थांबवा. जोड्या पाठ करा."

मला कळेना. मग त्यांनी सगळ्या बायकांकडं बघून विचारलं, "ओटी भरताना खणाबरोबर काय ठेवता?"

"नारळ," सगळ्या म्हणाल्या.

"कांदा का नको?"

माझ्या शेजारी राजाक्का बसल्या होत्या. माहेर पेठ वडगावचं, घरी चार म्हशी, गल्लीभर दूध घालतात. नातवाचा अभ्यास घ्यायला म्हणून वर्गाला येतात. त्या म्हणाल्या, "कांदा घालतंय व्हय कोण ओटीत?"

"पण का न्हाई? कांदा काय वाईट असतोय?"

"वाईट न्हाई. पण पद्धत न्हाई तशी."

"झालं तर मग. इंग्रजीतपण तशीच पद्धत हाय. चहा असला की स्ट्राँग. पाऊस असला की हेवी. हेवी चहा म्हटलासा तर अर्थ कळंल समोरच्याला, पण ओटीत कांदा दिसल्यासारखं बघंल तुमच्याकडं."

राजाक्कांनी बोटांवर ओटीचं सामान मोजलं. मग म्हणाल्या, "आनि तांदूळ कुठला वो ताई? ओटीत तांदूळ तर लागतोयच की."

नसरीनताई हसल्या. "तांदूळ म्हणजे इंग्रजीतलं 'द'. मूठभर सगळीकडं असतंय, कुणी विचारत न्हाई."

\*

पुढच्या बुधवारी सोयरीक होती.

म्हणजे असं, की निम्म्या बायकांना एकेक कागद दिला, त्यावर करायचं काम. मेक, डू, टेक, कॅच. उरलेल्यांच्या कागदावर वस्तू. टी, होमवर्क, बाथ, बस. हॉलभर फिरायचं आणि आपलं स्थळ शोधायचं. जुळलं की दोघींनी जोडीनं चटईवर बसायचं.

राजाक्कांच्या हातात 'डू' होता. त्यांनी थेट 'टी' वाल्या बाईचा हात धरला आणि बसल्या. नसरीनताई म्हणाल्या, "राजाक्का, हे जमत न्हाई. टी मेककडं दिलीया."

"का? चहा रोज मी करतो. करणं म्हंजे डू. तुमीच सांगिटलासा."

"सांगितलं. पण चहाला मेक लागतोय. जेवण, केक, चहा, सगळं मेक. होमवर्क डू, भांडी डू, केर-फरशी डू."

राजाक्कांनी 'टी' वाल्या बाईचा हात काही सोडला नाही. पण त्यांचं डोकं चालू झालं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हंजे जे खायला-प्यायला मिळतंय ते मेक. आनि ज्याचा कटाळा येतोय ते डू."

नसरीनताई फळ्याकडं वळल्या आणि जसंच्या तसं लिहून काढलं.

मागून पल्लवी म्हणाली, "आनि मेकअप? ते काय खायचं असतंय काय?"

"नवरे धोका खात्यात की तुज्या मेकअपनं," राजाक्का म्हणाल्या, "फसत्यात बिचारी."

हा नियम तासभर टिकला. मग 'मेक द बेड' आलं. राजाक्कांनी कागद खाली ठेवला. "अंथरूण घालायचं असतंय. आमी घालतो. हे काय करत बसल्यात आता त्यात?"

\*

त्या सोयरिकीनं मला एक खोड लागली. घरात बोलताना मी आपलेच शब्द ऐकायला लागले.

आत्ती आतून म्हणाल्या, "सुनीता, चहा टाक." मी पातेलं हातात घेऊन थांबले. चहा टाकायचा? कुठं टाकायचा? टाकतो तर आपण कचरा. मग पूजा घालतो, ती कुणाला घालतो? शपथ खातो, ती लागते कशी? हाक मारतो, गप्पा मारतो, मिठी मारतो, उडी मारतो. एवढं मारतो आणि एकालाही लागत नाही.

मी हे आत्तींना विचारलं. "आत्ती, आपण हाक का मारतो ओ? घालत का न्हाई?"

"चहात साखर घातलीस काय?"

"व्हय."

"ती घालायची. हाक मारायची. चहा टाकायचा. यात इचारायचं काय?"

आर्या दारात बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "आई, मग इंग्लिशमधी पण इचारायचं न्हाई?"

खरं सांगते, चहा उकळत ठेवून मी तिच्याकडं वळले. सहा वर्षांची पोर आणि मला जे महिनाभर समजत नव्हतं ते हिला समजलं होतं. मी लगेच म्हटलं, "न्हाई इचारायचं. म्हण बघू, मेक टी."

तिनं तोंड मिटलं आणि बाहेर खेळायला गेली.

\*

नसरीनताईंचा एक नियम फार कडक होता. घरी दिलेली जोडी तीन माणसांवर वापरायची आणि मगच पुढच्या बुधवारी यायचं. वहीत लिहिलेलं चालणार नाही. जिवंत माणूस पाहिजे.

पल्लवीला 'कॅच द बस' आलं होतं. तिनं स्टँडवर बस सुटताना धावत जाऊन पायरीवर पाय ठेवला आणि कंडक्टरला मोठ्यानं सांगितलं, "आय कॅच द बस."

कंडक्टर म्हणाला, "धरा की ताई. पर आत येऊन धरा."

मला 'टेल द ट्रूथ' होतं. ते मी आमच्या ह्यांच्यावर वापरलं. ते घाबरून त्यांच्या मित्राच्या गाडीचं काहीतरी सांगायला लागले, जे मी विचारलंच नव्हतं.

राजाक्कांना 'पे अटेन्शन' होतं. बुधवारी नसरीनताईंनी विचारलं, "वापरलं?"

"वापारलं."

"कुणावर?"

"पैली म्हस, दुसरी म्हस आनि रेडी."

"राजाक्का, माणसांवर म्हटलं होतं मी."

"माणसास्नी सांगून बघिटलं आदी. मालकास्नी म्हनलो, पे अटेन्शन. ते पेपर वाचत बसले. नातवाला म्हनलो, त्यो मोबाईलमधी. म्हशीला म्हनलो, तिनं कान उभं केलं आनि मान वळवून बघिटलं." राजाक्कांनी वही मिटली. "कुनाला इंग्रजी येतंय ते कळलं की मला."

नसरीनताईंनी तिन्ही म्हशी मोजल्या.

\*

गणपती झाल्यावर शाळेत पालकसभा आली. आमच्या ह्यांना सुट्टी नव्हती. मीच जायचं ठरलं.

माझी झोप गेली. नसरीनताईंना म्हटलं, मला तीन जोड्या द्या, जास्त नको, पण तिथं उभं राहून म्हणता येतील अशा. त्यांनी दिल्या. मी त्या भाकरी थापताना म्हटल्या, धुणं वाळत घालताना म्हटल्या. आत्ती शेजारणीला सांगत होत्या, "पोर बोलंना म्हणून आई दोघींचं बोलतीया."

शाळेत मॅडमसमोर खुर्ची होती. मी बसले नाही. बसले असते तर विसरले असते. उभ्या उभ्या म्हटलं, "माय डॉटर मेक्स अॅन एफर्ट. प्लीज गिव्ह हर सम टाइम. डोन्ट लूज होप."

मॅडमनी चष्मा काढला. आतापर्यंत त्या माझ्याशी पुस्तकातलं बोलायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून गाव बाहेर आला. "ओ वैनी, कुठं शिकलासा हे?"

"तालमीत."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मला वाटतं, कोल्हापूरच्या तालमीत आता काय काय शिकवायला लागलेत याचा त्या विचार करत असाव्यात. मग चष्मा परत घातला आणि हळूच म्हणाल्या, "तुमचं लई चांगलं चाललंय. पण तोंडी परीक्षा तिची हाय. तुमी देऊन चालत न्हाई."

येताना रिक्षातसुद्धा माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य होतं.

\*

नसरीनताईंनी तेव्हा सांगितलं, घरात चिठ्ठ्या लावा. जिथं काम तिथं जोडी. येता-जाता पोरीच्या नजरेखालून जाऊ दे. मी आर्याचे रंगीत कागद कापले आणि घरभर लावले. शेगडीजवळ 'बॉइल द मिल्क'. चादरींच्या कप्प्यावर 'फोल्ड द शीट'. केरसुणी टांगतो तिथं 'स्वीप द फ्लोअर'. घराच्या दाराला 'लॉक द डोअर'.

मग दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी घर धुऊन काढतात, डबे, कपाटं, चादरी, सगळं. मी त्या दिवशी माहेरी होते. आत्तींनी एकटीनं घर काढलं. चिठ्ठ्या फाटू नयेत म्हणून हळूच सोडवल्या, पुसून पाटावर वाळत घातल्या आणि संध्याकाळी भाताची शितं लावून परत चिकटवल्या. कुठली कुठं होती ते त्यांना कळणार कसं? त्यांनी रंग बघून लावल्या. हिरव्या डब्याला हिरवी, निळ्या कप्प्याला निळी. दिसायला घर फार सुरेख दिसत होतं.

'लॉक द डोअर' पिवळ्या कागदावर होतं. ते गेलं दूध ठेवायच्या जाळीच्या पिवळ्या कपाटावर.

दसऱ्याला फौंड्री चालूच होती. आमचे हे पहिल्या शिफ्टला निघताना पाणी प्यायला आत गेले. मी घरी इंग्रजी चालू केल्यापासून तेही मनावर घ्यायला लागले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली. आमच्या गल्लीतलं मांजर दुधावर टपलेलं असतं, हे त्यांना माहीत. त्यांना वाटलं, बायकोनं बरोबर लिहिलंय. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि गेले शिरोलीला.

दुपारी मी घरी पोचते तोवर सोनं द्यायला पाहुणे येऊन बसले होते. दूध समोर जाळीतून दिसत होतं. काढता येत नव्हतं. शेवटी सगळ्यांना कोरा चहा दिला.

आत्तींच्या माहेरचे एक मामा कपात बघत म्हणाले, "दूध नासलं व्हय गं?"

आत्तींनी मान हलवली. "न्हाई. सून इंग्रजी शिकतीया."

नसरीनताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वाचलं तसं केलं, असा पहिला माणूस निघाला बघा तुमच्या वर्गात. आणि त्यो वर्गाला येतच न्हाई."

\*

दिवाळी जवळ यायला लागली. नसरीनताईंनी आता वेगळंच काढलं. अर्धं वाक्य.

"मी अर्धं म्हणणार आणि थांबणार. तुम्ही पुरं करायचं न्हाई. जी गप्प बसंल ती जिंकली."

आम्ही हसलो. गप्प बसायला काय लागतंय? त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून आर्याही माझ्याबरोबर आली होती. भिंतीला टेकून चटईच्या कडेला बसली होती.

नसरीनताई म्हणाल्या, "ब्रश युअर..."

"टीथ," अर्धा हॉल म्हणाला आणि बाद झाला.

"हॅपी..."

"दिवाळी," पल्लवी म्हणाली आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "बर्थडे म्हणायचं होतं मला."

"ते पण म्हणायचं न्हवतं," नसरीनताई म्हणाल्या. "बाद."

मी कशीबशी चार-पाच पुढं गेले. "थँक यू व्हेरी..." ला बाद झाले. ते तोंडातून कसं निघालं मला कळलंसुद्धा नाही. शेवटी राजाक्का राहिल्या. त्यांनी पदराचा बोळा तोंडात घातला होता. डोळे मोठे केले होते. नसरीनताई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "वन कप ऑफ..."

राजाक्कांचा चेहरा लाल झाला. पदर बाहेर आला आणि पाठोपाठ "टी" आलं. तालमीतूनही कुणीतरी "टी" म्हणालं.

"का आलं वो ते?" राजाक्का दम घेत म्हणाल्या. "मी धरून ठेवलं हुतं की."

"जोडी हाय ती. अर्धी एकटी राहत न्हाई," नसरीनताई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष कडेला गेलं. "अगं, ही पोरगी तर पहिल्यापासून गप्पच हाय. हीच जिंकली."

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आर्याला चॉकलेट मिळालं. मी पण टाळ्या वाजवल्या, पण दोनच. ज्यासाठी पोरीला खालच्या वर्गात घालायला निघालेत, त्याचंच तिला बक्षीस मिळालं होतं.

घरी येताना मी तिला विचारलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून. "आर्या, तुला सगळं येतंय. मी बघते, ओठ हलत्यात तुझे. मग म्हणत का न्हाईस?"

ती चॉकलेटचा कागद घडी घालत चालली होती. "आख्खं म्हणायला गेलं की शेवटी चुकतंय. मग हसत्यात."

मी तिचा हात घट्ट धरला. ती मात्र माझ्याकडं न बघता विचार करत होती. म्हणाली, "आई, त्या आजी मोठ्या हाईत. त्यास्नी पण गप बसायला आलं न्हाई?"

"न्हाई."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच न्हाई."

"मॅडमना?"

"कुठल्या मॅडमना?"

तिनं घडी केलेला कागद खिशात ठेवला.

\*

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी तिला तीनदा विचारलं, पोटात दुखतंय का. आत्ती सकाळीच म्हणाल्या, "बोलली पोर तर वाडीला जाऊन दत्ताला पेढं ठेवीन." व्हॅन गेली. मी भाजी निवडायला घेतली आणि देठं ठेवून पानं टाकून दिली.

फोन आला. शाळेचा नंबर.

"आर्याच्या मम्मी, परीक्षा झाली." मॅडमचा आवाज जरा वेगळाच लागत होता.

"बोलली?"

"बोलली."

मी आत्तींना हाक मारली. आत्ती दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे ऐका," मॅडम म्हणाल्या. "मी होते आणि मोठ्या मॅडम शेजारी बसलेल्या. मी विचारलं, व्हॉट डू यू डू इन द मॉर्निंग? ही उभी राहिली. मला वाटलं झालं, आता गप्पच. तर म्हणाली, आय ब्रश माय... आणि थांबली. माझ्याकडं बघत."

"मग?"

"मी म्हटलं, टीथ. ती म्हणाली, आय वॉश माय... मी म्हटलं, फेस. मग आय ड्रिंक अ ग्लास ऑफ... मिल्क, मोठ्या मॅडम म्हणाल्या. आय पॅक माय... बॅग, आम्ही दोघी. असं कितीतरी झालं. न अडखळता बोलत होती ओ. आम्हाला इतका आनंद झाला की मी पूर्ण मार्क लिहिले आणि तिला जा म्हटलं."

"बरं झालं की मग."

"झालं. पण ती दारातनं बाहेर गेल्यावर मोठ्या मॅडम माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, आत्ता परीक्षा नक्की कुणाची झाली?"

मी भीत भीत विचारलं, "मग आता सीनियर केजी?"

"नाव काढू नका. मोठ्या मॅडम म्हणाल्या, पहिलीतच राहू दे तिला. हिला खाली बसवायचं म्हटलं तर आपल्या दोघींना पण शेजारी जाऊन बसायला लागंल."

व्हॅन आली तेव्हा मी दारातच उभी होते. आर्या उतरली, पायरीवर बसली आणि बूट काढायला लागली. मी तिच्यापुढं उकिडवी बसले.

"आर्या, सगळं अर्धं अर्धंच का म्हणलीस?"

तिनं एक बूट काढला, मग दुसरा. "उरलेलं मॅडमना येतंय का बघितलं."

"मग?"

"आलं की सगळं."

तर एवढं करा. तुमच्या गल्लीत, नात्यात, कामाच्या ठिकाणी कुणाचं लेकरू शाळेत असं गप्प उभं राहत असेल, तर त्याच्या आईला निरोप द्या. बुधवारी तीन वाजता, तालमीच्या मागचा हॉल. शिकलेली असो नसो, चटई मात्र आपली आपण आणायची. आणि जिला हे वाचता येत नसेल, तिला वाचून दाखवा.